उल्हासचं गरम पाणी

आमच्या घरातलं गरम पाणी चोरीला गेलं नाही की बिघडलं नाही. माझ्या नवऱ्याने लेखी यादी देऊन, खाली सही करून, ते काढून न्यायला लावलं. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण उल्हास ही हकीकत सांगतो तेव्हा नेमका एवढा भाग गाळतो.

उल्हास मेहेंदळे, वय सत्तावन्न, सिंगापुरात तांजोंग पगारच्या एका बँकेत इंटर्नल ऑडिटर. दुसऱ्यांनी नीट केलेल्या कामात काय चुकू शकतं हे शोधायचा त्याला पगार मिळतो. सव्वीस वर्षांपूर्वी एम्प्लॉयमेंट पासवर आम्ही पुण्याहून इथे आलो, पुढे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी झालो, मग नागरिक. एवढ्या वर्षांत ऑफिसातला ऑडिटर कुठे संपतो आणि घरातला नवरा कुठे सुरू होतो हे मला उमगलेलं नाही. नवीन टोस्टर आणला तर त्याचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय हा मला पाव भाजू देत नाही. पॅन्टच्या खिशात स्टीलची मोजपट्टी असते, आणि लोकांच्या घरी जेवायला गेलो की ती बाहेर काढू नको हे मला लिफ्टमध्येच बजावावं लागतं. माणूस मात्र सोन्यासारखा आहे. फक्त त्याच्यासोबत राहायला डोक्यावर बर्फ लागतो.

गेल्या वर्षी आम्ही सेरंगूनला एक जुना फ्लॅट विकत घेतला. आधीच्या भाड्याच्या घरात घरमालकाने मोडकी मसाज-खुर्ची आणि तीन बंद पंखे आमच्या गळ्यात मारून ठेवले होते, त्याचा धसका उल्हासने घेतला होता. म्हणून या वेळी त्याने घर विकणाऱ्या मिस्टर कोहना यादी पाठवली. ताबा देण्यापूर्वी काय काय काढून न्यायचं, त्याची. एकतीस कलमं होती. सतरावं कलम होतं, ‘सर्व जुनी विजेची उपकरणं, त्यांच्या जोडण्यांसह.’ एसी वगळला होता, हीटर वगळायचा राहिला.

मिस्टर कोह आयुष्यभर जहाज-दुरुस्तीच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले, म्हणजे उल्हासला तोडीस तोड. त्यांनी फोन करून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलंसुद्धा, ‘‘सेव्हनटीन, ऑल आह?’’

‘‘ऑल,’’ उल्हास म्हणाला.

त्यांनी सगळं काढलं. बाथरूमच्या छताआडची गरम पाण्याची टाकी काढली. तिच्यापासून दोन्ही बाथरूममध्ये आणि स्वयंपाकघरात गेलेले पाइप भिंतीतून उपसून काढले, बटणं काढली, भोकं बुजवली, वरून टाइल्सच्या रंगाचा लेप दिला. ताब्याच्या दिवशी उल्हास भिंतीवरून हात फिरवत मला म्हणाला, ‘‘याला म्हणतात काम! कुठे काही होतं असं वाटतं का?’’

संध्याकाळी तो आंघोळीला गेला आणि नळ फिरवत राहिला. मग बाहेर येऊन यादी घेऊन बसला. सतराव्या कलमावर बोट ठेवून बराच वेळ बसला. मी काही बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी नाही. नंतर बरंच बोलले.

सिंगापुरात बारा महिने तीस-बत्तीस डिग्री. इथे गरम पाणी हवंच कशाला, असं आमची मुलगी ऋता म्हणते. ती इथेच जन्मली. ‘‘बाबा, जस्ट टेक कोल्ड बाथ लाह,’’ असं म्हणून ती त्या दिवशी पाच मिनिटांत आंघोळ उरकून मोकळी झाली. आम्हा दोघांना मात्र गरम पाण्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, मग बाहेर कितीही उकडू दे. महिनाभर गॅसवर पातेलं तापवून काढला. शेवटी उल्हासने दोन्ही बाथरूममध्ये भिंतीवरचे छोटे इन्स्टंट हीटर बसवून घेतले. बटण दाबा, शॉवर सोडा, पाणी कोमटाहून जरा बरं. आमचं भागलं, आणि विषय संपला असं मला वाटलं.

मग पुण्याहून आईंचा फोन आला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, संजीवनी मेहेंदळे. एक्याऐंशी वर्षांच्या. सहकारनगरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली होती. सगळ्यांनी तीन वर्षांसाठी घरं रिकामी करायची होती. उल्हास दहा वर्षं त्यांना इथे बोलावत होता आणि त्या दहा वर्षं ‘बघू’ म्हणत होत्या. आता बघायची वेळ आली. पण त्यांनी तळेगावला ज्येष्ठांच्या वसाहतीत एक खोलीही बघून ठेवली होती. त्या खोलीसाठी हो की नाही, ते पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कळवायचं होतं.

‘‘महिनाभर येऊन बघते,’’ त्या व्हिडिओवर म्हणाल्या. ‘‘जमलं तर राहीन. माझी एकच अट आहे, उल्हास. माझी आंघोळ माझी मला करता आली पाहिजे. ज्या घरात मला आंघोळ घालावी लागेल त्या घरात मी राहणार नाही. त्यापेक्षा तळेगावला पैसे देऊन बाई ठेवलेली बरी.’’

‘‘अगं, इथे शॉवर आहे, गरम पाणी आहे...’’ उल्हास म्हणाला.

‘‘शॉवर डोक्यावरून येतो. मी न्हाते ती रविवारी. रोज डोकं ओलं करून सर्दी घेऊ का?’’

‘‘मग हातात धरायचा. नळी आहे त्याला.’’

‘‘एका हातात नळी, एका हातात साबण. आणि कठडा कुठल्या हाताने धरू?’’

उल्हासने वही उघडली.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आईंना बादली हवी, तांब्या हवा, बसायला स्टूल हवं. बादली भरायला भरपूर कढत पाणी हवं, आणि ते भिंतीवरच्या छोट्या हीटरच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे छताआड पुन्हा टाकी आणि भिंतींतून पुन्हा पाइप. जे होतं, जे मिस्टर कोहनी आमच्याच सांगण्यावरून उपसून नेलं होतं, तेच सगळं नव्याने.

काम केलं अंकल टेओंनी. सत्तरीला टेकलेले परवानाधारक प्लंबर, कानामागे पेन्सिल, दर वाक्यागणिक ‘बॉस’. त्यांनी भिंतीवर टकटक करून जुने पाइप कुठून गेले होते ते शोधलं, लेपाकडे निरखून बघितलं आणि मान डोलावली. ‘‘बॉस, धिस फेलो व्हेरी गुड वर्कर. हू आस्क हिम टू रिमूव्ह?’’

उल्हास खिडकीबाहेर बघत राहिला. मी मात्र अंकलना सगळं सांगितलं. ते एवढे हसले की त्यांना शिडीवरून उतरावं लागलं.

उल्हासने आपली चूक भरून काढायची ठरवली की काही खरं नसतं. त्याने आईंना रोज व्हिडिओवर गाठलं. पुण्याच्या बाथरूममधल्या स्टुलाची उंची किती? बसल्यावर कोपर जमिनीपासून किती वर येतं? तांब्यात पाणी किती मावतं? आई शिवणाची टेप घेऊन मोजत होत्या आणि करवादत होत्या. ‘‘शिंपी झालास का रे? आंघोळ करायचीय मला, ड्रेस नाही शिवायचा.’’ पण मापं दिली त्यांनी, सेंटिमीटरमध्ये, अर्ध्यासकट. गणिताच्या बाई त्या.

त्या मापांवरून बाथरूमच्या कोपऱ्यात एक टाइलचा ओटा झाला, गुडघ्याएवढा. त्यावर बादली ठेवायची, वर बरोबर नळ. म्हणजे बादली उचलायला नको, वाकायला नको, बसल्या जागी तांब्या बुडवता येतो. डाव्या हाताला कठडा. छताआड पन्नास लिटरची टाकी. हे सगळं मी मनापासून वाखाणलं. हा माणूस प्रेमाने बोलायला गेला की त्याची जीभ अडखळते, पण मोजायला लागला की बरोबर येतं.

फक्त एक गोष्ट त्याने मला न विचारता केली. नळाआधी त्याने एक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घेतला. टाकीतलं पाणी साठ डिग्रीचं असलं तरी त्यात आपोआप गार पाणी मिसळून नळातून बरोबर एक्केचाळीस डिग्रीचंच पाणी येणार. कमी नाही, जास्त नाही. वर कुलूप लावल्यासारखी टोपी, म्हणजे कोणी फिरवूही नये.

‘‘भाजण्याचा प्रश्नच मिटला,’’ उल्हास म्हणाला, आणि त्या रात्री गाढ झोपला.

आई आल्या. विमानतळावर चाकांची खुर्ची नाकारून चालत बाहेर आल्या. बाथरूम दाखवलं तेव्हा ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘बरोब्बर केलंस रे.’’ उल्हासचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आल्या. उल्हासने विचारलं, ‘‘कसं होतं पाणी?’’

‘‘चांगलं होतं,’’ त्या म्हणाल्या.

मी नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये काउंटरवर काम करते. तिथे रोज वीस-पंचवीस म्हातारी माणसं मला ‘चांगलं आहे’ असं सांगतात, आणि त्यातलं कुठलं खरं हे मला थोडंफार कळतं. आईंचं मला खरं वाटलं नाही. पुण्याला त्यांच्या आंघोळीला अर्धा तास लागायचा. मधे कधी स्तोत्र, कधी पाढे ऐकू यायचे. इथे सात मिनिटांत बाहेर, आणि आतून आवाज नाही. बाकी सगळं छान चाललं होतं. खालच्या बाकावर एक तमिळ पाटी, म्हणजे आजी, भेटली होती, दोघी आपापल्या भाषेत तासभर बोलायच्या. ऋता त्यांना एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरवून आणायची आणि त्या तिला तिच्या मराठीवरून टोमणे मारायच्या. मला वाटलं, रुळतील हळूहळू.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो. त्या सहज म्हणाल्या, ‘‘सविता, तळेगावला वीस तारखेपर्यंत कळवायचंय ना? हो म्हणून कळवू या.’’

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘‘का हो आई? काय कमी पडलं?’’

‘‘कमी काहीच नाही गं. तुम्ही किती केलंत. पण इथे आंघोळ मी करत नाही, मला घातली जाते. बाथरूममध्ये कोणी नसतं, तरी घातल्यासारखीच. पाणी कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मी विसण कशात घालू?’’

विसण म्हणजे काय हे माझ्या मुलीच्या पिढीला सांगावं लागतं. कढत पाण्यात आपल्या अंदाजाने घालायचं गार पाणी. पाणी आधी अंगाला सोसणार नाही इतकं गरम हवं, तरच विसण घालायला अर्थ. आई रोज तेवढंच करत आल्या होत्या. कधी पाणी जरा कढत ठेवायचं, कधी गुडघे दुखत असले तर आणखी कढत, उकाड्यात थोडं गार. तो एक निर्णय रोज सकाळी त्यांचा असायचा. इथे तो नळाने घेऊन टाकला होता.

‘‘उल्हासला यातलं काही बोलू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याने एवढं मोजून-मापून केलंय.’’

अर्थात मी त्याच संध्याकाळी बोलले. उल्हास बाजारातून येऊन बूट काढत होता, तेवढंही थांबले नाही.

‘‘तो व्हॉल्व्ह काढ.’’

‘‘शक्य नाही,’’ तो म्हणाला. ‘‘साठ डिग्रीच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, सविता. त्यात म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. माझ्याकडे कागद आहे.’’

‘‘कागद तुझ्याकडे नेहमीच असतो. सतरावं कलमही कागदावरच होतं.’’

हे मला बोलायला नको होतं, पण मला राग आला होता. ‘‘तुझ्या रिस्कपायी त्या परत चालल्यात, कळतंय का? येत्या शनिवारी वीस तारीख आहे. ती तुझी रिस्क नाही उल्हास, ती त्यांची आंघोळ आहे.’’

तो एक बूट पायात, एक हातात, तसाच बसून राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘बाबा गेले तेव्हा मी इथे मीटिंगमध्ये होतो. फोन सायलेंटवर होता. आता आई माझ्या घरात आहे आणि माझ्या घरातल्या पाण्याने तिला काही झालं तर? मला भीती वाटते गं. बाकी काही नाही.’’

एवढं सरळ तो लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच बोलला असेल. माझा राग निवला. पण व्हॉल्व्हचं काय करायचं ते मलाही सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा घेतली आणि वही-पेन्सिल घेऊन आईंसमोर जाऊन बसला. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. तो बँकेतल्या शाखाधिकाऱ्यांना विचारतो तसंच विचारत होता.

‘‘आई, पुण्याला आंघोळीचं पाणी कसं घेतेस? पहिल्यापासून सांग.’’

आईंनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. चहाडी कोणी केली ते त्यांना कळलं. ‘‘आधी कढत सोडते. अर्ध्याच्या खाली. मग विसण.’’

‘‘किती विसण?’’

‘‘लागेल तेवढं.’’

‘‘लागेल तेवढं म्हणजे किती? तू ठरवतेस कशावरून?’’

‘‘वाफेवरून अंदाज येतो. मग तांब्यात थोडं घेऊन मनगटावर सोडते. मग पायावर. पायाला सोसलं तरच अंगावर.’’

‘‘आणि मनगटाला कळलं नाही तर? वयोमानाने संवेदना कमी होते.’’

‘‘उल्हास,’’ आई म्हणाल्या, त्यांच्या वर्गातल्या आवाजात, ‘‘तू सव्वा दोन किलोचा होतास जन्मलास तेव्हा. तुला पायावर घेऊन रोज आंघोळ घातली मी. तेव्हा मला कोणी मशीन दिलं होतं का एक्केचाळीस डिग्रीचं? याच मनगटावर बघत होते. एकदा तरी भाजलास?’’

उल्हासची पेन्सिल थांबली. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग म्हणाला, ‘‘तीन पायऱ्या आहेत. वाफ, मनगट, पाय. तीन तपासण्या. आमच्याकडे कर्ज मंजूर करायला दोनच असतात.’’

मला हसू आवरेना. पण तो गंभीर होता. आपल्या आईकडे तपासणीची पद्धत आहे आणि ती साठ वर्षं न चुकता चालली आहे, हे त्याला आता कागदावर दिसत होतं, आणि कागदावर दिसलं की त्याला पटतं. तरी त्याने स्वतः पडताळा घेतलाच. आईंची पद्धत तपासायला तो दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाचं कढत पाणी बादलीत घेऊन बाथरूममध्ये गेला. त्या नळाला व्हॉल्व्ह नव्हता. सत्तावन्न वर्षांचा, सहा फुटी माणूस त्या बुटक्या स्टुलावर बसला. वाफ झाली, विसण झालं, मनगट झालं. पायाची पायरी बहुतेक त्याने घाईत गाळली, कारण आतून ‘‘आईशप्पत!’’ असं जोरात ऐकू आलं.

‘‘पाय विसरलास ना?’’ आईंनी बाहेरून विचारलं.

‘‘हो,’’ आतून आवाज आला.

आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या.

गुरुवारी अंकल टेओ पुन्हा आले. व्हॉल्व्ह काढायचा, ओट्यावर दोन नळ बसवायचे, एक कढत पाण्याचा, एक गार. ‘‘बॉस, लास्ट मंथ यू से सेफ्टी, सेफ्टी. नाऊ टेक आउट?’’

उल्हासने त्यांना विसण समजावून सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजीत ते फार लांबलं. पण अंकलना मधेच कळलं. ‘‘आह, लाइक माय मदर. लास्ट टाइम, काम्पोंगमध्ये, वन पेल, वन स्कूप.’’ त्यांनी स्वतःचं मनगट पुढे करून दुसऱ्या हाताने त्यावर पाणी ओतल्याचा अभिनय केला. ‘‘माय मदर ऑल्सो लाइक धिस.’’ काम्पोंग म्हणजे इथलं जुनं खेडं. ‘मध्ये’ हा आमच्याकडचा शब्द त्यांनी नक्कीच वापरला नसेल, पण मला तसंच आठवतं. त्यांनी नळ बसवले, आणि जाताना दोन्ही हात जोडून आईंना नमस्कार केला.

टाकीचं तापमान किती ठेवायचं यावर मायलेकांत घासाघीस झाली. उल्हास पन्नासवर अडून बसला, आई साठवर. पंचावन्नवर तडजोड झाली. उल्हासने ती वहीत लिहून घेतली आणि आईंची सही मागितली. आईंनी वही त्याच्या डोक्यात हलकेच मारली.

शुक्रवारी सकाळी आई टॉवेल आणि पातळ घेऊन आत गेल्या. दाराबाहेर उल्हास. मी त्याला ऑफिसला जा म्हटलं, तर म्हणाला, ‘‘जातो, जातो,’’ आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. कढत नळ सुटल्याचा आवाज आला. बंद झाला. दुसरा नळ सुटला, थोडाच वेळ. मग शांतता. उल्हास पुटपुटला, ‘‘मनगट.’’ मग तांब्या बुडाल्याचा आवाज. ‘‘पाय.’’ मग भरभरून पाणी अंगावर ओतल्याचा आवाज आला आणि त्याने श्वास सोडला. पाच मिनिटांनी आतून बाराचा पाढा सुरू झाला. तेराचा झाला. चौदाच्या पाढ्याला पुन्हा एकदा कढत नळ सुटला, पुन्हा विसण. उल्हास भिंतीला टेकून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने ते पुसलं नाही.

वीस मिनिटांनी पाढा मधेच थांबला.

‘‘सविता!’’ आतून हाक आली.

उल्हास ताडकन सरळ झाला. त्याचा हात दारावर होता. ‘‘आई? भाजलं का?’’

‘‘काही भाजलं नाही. तू नको. सविताला पाठव.’’

दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले आणि मागे ओढून घेतलं. सगळी वाफ झाली होती. आई स्टुलावर बसल्या होत्या, परकर छातीशी बांधलेला, माझ्याकडे पाठ. त्यांनी घासणी खांद्यावरून मागे माझ्या दिशेने धरली.

‘‘जरा पाठ घासून दे गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा हात मागे पोचत नाही.’’

मी घासणी घेतली. ‘‘कधीपासून?’’

‘‘झाली की सात-आठ वर्षं.’’

सात-आठ वर्षं. मधे दोन-तीनदा आम्ही पुण्याला जाऊन राहिलो होतो, महिना-महिना. ‘‘मग मला का नाही सांगितलंत कधी? मी दिली असती ना घासून.’’

‘‘तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून सगळीच आंघोळ घालायला आला असतात. उल्हासला तू ओळखत नाहीस का?’’ त्या कठडा धरून जरा पुढे झुकल्या. ‘‘आता काय, पाणी माझं मी घेतलं. आता पाठ सांगायला हरकत नाही.’’

मी घासायला लागले. त्यांची पाठ एवढीशी होती, आणि मणके हाताला लागत होते. मला रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. आईंनी बादलीत विसण घातलं, मनगटावर बघितलं आणि तांब्या भरून मागे माझ्या हातात दिला. पाणी बरोबर होतं.

‘‘उल्हास बाहेर उभा असेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याला सांग, तळेगावला नको म्हणून कळव. उद्यापर्यंत थांबू नको म्हणावं, त्या खोलीसाठी दुसरं कोणी ताटकळलं असेल. आणि जरा जोर लाव, सविता. अशी काय घासतेस, पाहुण्यासारखी?’’

मी जोर लावला.